टाकळकर सरांचा वाचक

"शून्य लिहा बाई, शून्य. एवढं काय थबकलात? शून्याला काही जास्त शाई लागत नाही."

टाकळकर सर असं म्हणाले आणि सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले, पण पेन काही पुढे सरकेना.

२०१३ सालचा जानेवारी होता. महिन्याभरात कॉलेजांना ग्रेड देणारी नॅकची कमिटी यायची होती आणि आमच्या कॉलेजचं लग्नघर झालं होतं. भिंतींना रंग, झाडांच्या बुंध्यांना गेरू, जिन्यात नव्या कुंड्या. नव्या सुनेला चूल आणि नव्या प्राध्यापिकेला फॉर्म, असा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे सगळ्या प्राध्यापकांच्या संशोधनाचा तक्ता भरायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलं. कुणाचे लेख किती, कुठे छापले आणि शेवटच्या रकान्यात सायटेशन किती. म्हणजे तुमच्या लेखाचा संदर्भ दुसऱ्या किती जणांनी आपल्या लेखनात दिला. या आकड्यावर माणसाचं वजन ठरवायची पद्धत नुकतीच आमच्या तालुक्यापर्यंत पोचली होती.

केमिस्ट्रीच्या बिडवे सरांची सायटेशन साठ होती. ती त्यांनी न विचारता सगळ्यांना सांगून झाली होती. टाकळकर सर राज्यशास्त्राचे, माझे विभागप्रमुख, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. त्यांचे लेख एकेचाळीस. कॉलेजात सगळ्यांत जास्त. सगळे मराठीत, परभणी-नांदेडकडच्या लहानसहान त्रैमासिकांत छापलेले आणि त्यातली निम्मी त्रैमासिकं केव्हाच बंद पडलेली. इंटरनेटवर त्यांचा मागमूस नव्हता.

"टाकळकर, तुमचं लिखाण म्हणजे गुप्तदान आहे," बिडवे म्हणाले. "या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही!"

"पुण्य तरी लागतं का बघा," सर म्हणाले आणि सगळ्यांबरोबर हसले.

तासाची घंटा झाली, खोली रिकामी झाली. सर मात्र गेले नाहीत. आपली खुर्ची ओढत ते माझ्या संगणकापाशी आले.

"त्यात नाव घालून बघता येतं म्हणे?"

मी त्यांचं नाव घातलं. पुण्याचे एक दाताचे डॉक्टर टाकळकर निघाले. दोनशे चौदा सायटेशन.

"चला, दातांचा का होईना, टाकळकर तर आहे," ते म्हणाले. मग खुर्ची आणखी जवळ ओढली. "बाई, एक सांगू? ते वजन-बिजन मला काही नको. आता कुठं घेऊन जाऊ? पण एकेचाळीस लेख लिहिले. माझ्या ओळखीचा नाही असा एखादा माणूस, कुठं का असेना, त्यातला एक तरी शेवटपर्यंत वाचून गेला असेल का? वाचून म्हणाला असेल का, की या टाकळकराचं इथं चुकलंय? एवढं कळलं असतं ना, तर बरं झालं असतं."

मी पडद्यावरून दाताचे डॉक्टर टाकळकर पुसून टाकले.

"नवं पुस्तक आलं की मी आधी मागची संदर्भसूची उघडतो," सर म्हणाले. "तरुणपणापासूनची खोड. 'अ'पासून सुरुवात करतो. 'ट' यायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ फार बरा जातो बघा."

त्यांनी मला स्वतःच्या अक्षरात लेखांची यादी करून दिली होती. पाठकोऱ्या कागदांवर, लेखाचं नाव, त्रैमासिक, वर्ष, अंक. त्यातल्या नवव्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. 'पराभूत उमेदवार आणि गाव'.

"हा जरा बरा उतरला होता. सायकलवर अडतीस गावं फिरलो होतो. ग्रामपंचायतीला पडलेले एकशे बारा जण गाठले. निवडून आलेल्यांवर सगळेच लिहितात. म्हटलं, पडलेल्यांना विचारावं."

एवढं बोलून ते तासाला गेले. मी शून्य लिहिलं.

मला ते शून्य लागलं, आणि का ते सांगायला हवं. मी तासिका तत्त्वावर होते तेव्हा माझी मुलगी कावीळ होऊन तीन आठवडे दवाखान्यात होती. त्या तीन आठवड्यांत सरांनी आपले आणि माझे असे सगळे तास घेतले. माझे पैसे बुडू नयेत म्हणून हजेरीपटावर सही माझी राहील अशी व्यवस्था केली. कुणाला बोलले नाहीत, मलाही नाही. मला एका विद्यार्थिनीकडून कळलं. अशा माणसाच्या नावापुढे आपल्या हातानं भोपळा काढायचा म्हणजे जिवावर येतं. त्या वेळी मला वाटलं, आपणच काहीतरी करावं. चांगुलपणाची उबळ आली की माणूस विचार करत नाही.

माझा एम.फिल.चा सोबती इरफान काझी जळगावकडच्या एका कॉलेजात होता. मी त्याला फोन लावला.

"इरफान, तुझा पंचायत राजवरचा पेपर कुठवर आला?"

"झाला. पुढच्या आठवड्यात पाठवतोय. का गं?"

"त्यात एक संदर्भ घाल."

"कुणाचा?"

"आमच्या टाकळकर सरांचा. 'पराभूत उमेदवार आणि गाव'."

"म्हणणं काय आहे त्यांचं?"

"पराभूत उमेदवारांवर आहे ते."

"ते नावावरून कळलं, डोईफोडे. मी विचारतोय, म्हणणं काय आहे?"

"तू 'हेही पाहा' म्हणून घाल ना. तेवढंच पुरे."

तो हसायला लागला. "'हेही पाहा' म्हणजे 'मी पाहिलेलं नाही'. बरं, सांग. आपल्या धंद्यात अर्धी संदर्भसूची अशीच असते."

मी सरांची यादी समोर धरली आणि वाचून दाखवलं. त्रैमासिक 'मंथनरेषा', परभणी, वर्ष सातवं, अंक तिसरा, १९८५. इरफाननं उतरवून घेतलं. दोन मिनिटांचं काम.

कमिटी आली, जेवली, ग्रेड देऊन गेली. इरफानचा पेपर ऑगस्टमध्ये छापून आला, इंग्रजीत, इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसेल असा. मी सरांचं नाव घातलं आणि त्यापुढे एक आकडा उमटला. एक. मी धावतच वर्गाच्या दारात गेले. सर तास संपवून खडूचे हात झटकत होते.

"सर, जरा चला. चलाच."

त्यांनी पडद्याला नाक लावून वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"टाकळकर, एस. मीच की हो हा."

"तुम्हीच सर."

"एकोणतीस वर्षं झाली या लेखाला." त्यांचा आवाज बदलला होता. "अठ्ठावीस. अठ्ठावीस वर्षांनी जळगावात कुणाच्या हाती लागला असेल हा? कुठं मिळाला असेल? रद्दीत? हे काझी कोण, बाई? तुमच्या ओळखीतले आहेत का?"

"नाही सर," मी म्हणाले.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, पण इतकं झटकन कधी बोलले नाही.

सरांनी त्या पानाची प्रत काढायला लावली. ती त्यांनी घडी न घालता, हातात धरून घरी नेली. मी खिडकीतून बघत होते. सायकल चालवायची सोडून ते ती एका हातानं ढकलत चालले होते, कागद चुरगळू नये म्हणून. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की घरी जाऊन शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. बिडव्यांना दोन दिले.

"घ्या बिडवे. गुप्तदान उघडकीला आलं. जळगावात एक वाचक निघाला."

मग माझ्या टेबलापाशी आले. पेढा हातावर ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी जळगावला जाऊन येतो म्हणतो."

"जळगावला? कशाला सर?"

"अहो, कशाला काय? भेटायला. ज्यानं वाचलं त्याला विचारायला नको, कसं वाटलं म्हणून? तुम्हीही चला की. सकाळची एसटी आहे. बसून बोलू तिघं."

पेढा मी तसाच टेबलावर ठेवला. मी कसंबसं हो म्हटलं आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन इरफानला फोन केला.

"मेलो!" तो म्हणाला. "अगं, ते येऊन विचारणार, मी काय सांगू? लेख पाठव आधी. आजच्या आज वाचतो. म्हाताऱ्या माणसासमोर तोंडघशी पाडू नकोस मला."

मी ग्रंथालयात गेले. जुन्या नियतकालिकांचं कपाट मागच्या बाजूला होतं, वाचनकक्षाला लागून. ग्रंथपाल सोनटक्के बाईंनी किल्ली दिली. 'मंथनरेषा'चे अंक सुतळीनं बांधून ठेवलेले होते. सातव्या वर्षाचा गठ्ठा सोडला, तिसरा अंक काढला आणि अनुक्रमणिका बघितली. टाकळकरांचं नाव नव्हतं. पुन्हा बघितली. सहकारी साखर कारखान्यांवर एक लेख होता, दुष्काळावर एक. 'पराभूत उमेदवार' नव्हताच. एकेक पान उलटून पाहिलं.

"चौथ्या अंकात आहे, बाई."

मी दचकून मागे वळले. टाकळकर सर वाचनकक्षाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. समोर वर्तमानपत्र होतं, ते त्यांनी उघडलेलं नव्हतं.

"चौथा अंक," ते पुन्हा म्हणाले. "तुम्हाला दिलेल्या यादीत मी तिसरा लिहिला होता. आठवणीतून लिहिली ना यादी, तेव्हा चुकलो. काल घरी गेलो. म्हटलं, त्या जळगावच्या माणसानं जे वाचलं ते आपणही एकदा नव्यानं वाचावं. माझ्याकडचा अंक काढला तर चौथा. त्यांच्या पेपरात तिसरा." त्यांनी चष्मा वर सरकवला. "ही चूक जगात दोनच ठिकाणी आहे बघा. त्या पेपरात आणि तुमच्या ड्रॉवरमध्ये."

राज्यशास्त्राच्या माणसाला चोर पकडायला वेळ लागत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे संदर्भ तपासण्यात गेलेलं असतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सर, मी... मला वाटलं की..."

"कळलं मला. बसा."

मी बसले. हातात तो तिसरा अंक तसाच होता.

"मग पेढे कशाला वाटलेत, सर?"

"पेढे खरेच होते की. आपल्यासाठी कुणी एवढी खटपट करतं, त्याचे वाटले. माझ्यासाठी खोटं बोलायला आजवर कुणाला सवड झाली नव्हती."

"आणि जळगाव?"

सर ओशाळले. चोरी माझी आणि ओशाळले ते. टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी त्यांनी उगीच सारखी केली.

"जळगाव काढलं म्हणजे तुम्ही घाबराल, असं वाटलं. घाबरलात की लेख शोधायला याल. आणि हातात पडला की, मग काय, वाचालच." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "त्या काझींचं सोडा. त्यांचं-माझं काय नातं? पण चार वर्षं आपण शेजारी बसतोय. मला आपलं वाटत होतं, तुम्ही तरी वाचला असेल."

रागावून बोलले असते तर परवडलं असतं. मी एकेचाळीस नावं संगणकात भरली होती, दोनदा तपासली होती, त्यांच्या नावापुढच्या शून्यासाठी मला रडू आलं होतं, आणि त्यातलं एक पानही उघडावं असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. वीस पावलांवर कपाट होतं. ही गोष्ट त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आली नव्हती.

सर उठले, गठ्ठ्यातून चौथा अंक काढला आणि त्यावरची धूळ बाहीनं पुसून माझ्यापुढे ठेवला.

"न्या घरी. सावकाश वाचा. आणि कुठं चुकलेलं दिसलं तर सांगा. खरंच सांगा बरं का, भीडभाड धरू नका. आणि त्या रकान्यात शून्यच राहू द्या. खोटा एक मला पचायचा नाही."

"सांगेन सर," मी म्हणाले.

अंक घरी नेला. कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. वाचला नाही. याचं कारण मला आजही धड सांगता येत नाही. उघडला की वाचनकक्षातलं ते टेबल डोळ्यांपुढे यायचं. आज नको, रविवारी. रविवारी नको, परीक्षा झाल्यावर. सरांनी एकदाही विचारलं नाही. स्टाफरूममध्ये ते पहिल्यासारखेच बोलत, बिडव्यांची चेष्टा करत. फक्त मी काही बोलायला तोंड उघडलं की मान जराशी वर करून बघत. एखाद्या शब्दाची वाट बघितल्यासारखं. मी रजेच्या अर्जाचं किंवा पेपर तपासणीचं बोलायची. ते मान खाली घालत.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि मुलीकडे नांदेडला गेले. निरोप समारंभात मी भाषण केलं. 'सरांचं मौलिक संशोधन' असे शब्द वापरले. टाळ्या पडल्या. सर समोरच्या रांगेत हार सावरत बसले होते. त्या शब्दांना त्यांनी टाळी वाजवली नाही, हे मी बघितलं.

फोन करायचा तर वाचून करायचा, असं मी ठरवलं होतं. वाचलं नाही, म्हणून फोन नाही. असं करता करता तीन वर्षं गेली. २०१७च्या दिवाळीनंतर कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांचा फोटो आला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी पण एक जोडी टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले.

त्या आठवड्यात मी लेख वाचला. बत्तीस पानांचा. एका बैठकीत.

काय लेख होता हो! मी इतकी वर्षं इंग्रजी पेपर वाचत होते, तक्ते आणि आलेख बघत होते, आणि असा माणसांनी भरलेला अभ्यास माझ्या वीस पावलांवर पडून होता. सरांचं म्हणणं असं होतं, की निवडणूक झाली की निवडून आलेला गावाबाहेर बघू लागतो, तालुक्याकडे, जिल्ह्याकडे. गावात उरतो तो पडलेला. त्याला आपली मतं नावानिशी ठाऊक असतात. पाणवठ्यावर, लग्नात, मयतीला, आपल्याला कुणी नाकारलं हे माहीत असून तो त्यांच्याबरोबर राहतो. गाव टिकतं ते त्याच्या या राहण्यावर.

एकोणतिसाव्या पानावर मल्हारी कोरडे नावाचा माणूस होता. बोरीजवळच्या एका वस्तीवरचा, वॉर्डातून उभा राहिलेला. "नाव छापा की, पडलो ते साऱ्या गावाला ठावं आहे," असं त्यानंच सरांना सांगितलेलं. त्याला तीन मतं पडली होती आणि घरात मतदार होते पाच. तो, त्याची बायको, आई, वडील, भाऊ. मल्हारीनं घरात कुणालाही विचारलं नाही. सरांनी का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "इचारल्यावर त्याच घरात राहायचं कसं?" सरांनी पुढे लिहिलं होतं: 'ही दोन मते कोणाची, आणि ती का फिरली, हे कळण्याचा मार्ग अभ्यासकापाशी नाही.'

मी त्या वाक्याशी थांबले. पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं: 'का नाही? बायकोला विचारलं का?' मग सगळा लेख पुन्हा चाळला. एकशे बारा जण. एकशे बारा घरं. एकाही बाईचं बोलणं नव्हतं.

सरांचं चुकलं होतं. मला ते सापडलं होतं. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा, सांगायला जायला. आणि मग उभीच राहिले.

पुढच्या शनिवारी मी बोरीची एसटी धरली. वस्ती सापडायला वेळ लागला नाही. मल्हारी सहा वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको गयाबाई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सत्तरीच्या आसपासची, डोळ्यांनी अजून धड. मी कोण, कुठली, ते सांगितलं. तिनं बसायला पोतं टाकलं.

"मावशी, फार जुनी गोष्ट विचारायची आहे. तुमचे मालक पंचायतीला उभे होते ना?"

"व्हते की. शिलाई मशिनीच्या निशाणीवर. तीन मतं पडली." ती खुदकन हसली. "लई दिवस लोकं 'तीन मशिनी' म्हणायची त्येला."

"एक मास्तर आले होते विचारायला. सायकलवर."

"आलते. काळे, हडकुळे. हितंच बसले व्हते, तू बसलीस तितं. म्या आत भाकरी टाकीत व्हते. सारं ऐकू येत व्हतं. च्या पिऊन गेले."

"घरात पाच मतं होती. दोन कुणाची फिरली?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, आता ही उठून जाईल. पण ती माझ्याकडे निरखून बघत होती.

"एक माझं," ती म्हणाली. "दुसरं सासूबाईचं."

"दोघींनी ठरवून?"

"न्हाई गं माय. एकमेकीला बोललो सुदीक न्हाई. शिक्का मारून आले, घरी आले, त्यांच्या तोंडाकडं बघितलं, अन् कळलं मला. त्यास्नी बी कळलं."

"पण का?"

"सरपंचाची बायकू बघितली व्हती की म्या. ताट झाकून बसायची. तालुक्याला गेलेत, जिल्ह्याला गेलेत. एकदा निवडून आलेलं माणूस घरी येतं का माघारी? सासूबाईला तर येकच लेक हाताशी व्हता, दुसरा नुसता नावाला." ती पुन्हा शेंगा सोलू लागली. "माजा नवरा मला घरात पायजे व्हता. म्हून पाडला त्येला. काय वाईट केलं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही?"

"मरूस्तर न्हाई. त्येला वाटायचं भावानं दगा दिला. भावाशी नीट बोलला न्हाई कधी. म्या रोज म्हणायचे, आज सांगते, आज सांगते. ऱ्हाऊन गेलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "अन् त्या मास्तरानं तरी इचारायचं. चार हातांवर व्हते म्या. इचारलं असतं तर नवऱ्याच्या म्होरं सांगून मोकळी झाले असते. आज तू इचारलंस. आता कुणाला सांगू?"

मी तिच्याबरोबर शेंगा सोलत बसले. दुपारची एसटी चुकली, संध्याकाळची मिळाली.

त्यावर मी पुढे लेख लिहिला, मराठीत. पहिली तळटीप सरांची. वर्ष सातवं, अंक चौथा, पृष्ठ एकोणतीस. लेख बरा झाला असं चार लोक म्हणतात. विद्यापीठात एकदा तो वाचूनही दाखवला आणि खूप प्रश्न आले. त्या दिवशी हॉलमध्ये सगळे होते, आणि मी मात्र एकाच माणसाला शोधत होते.

मला संदर्भ द्यायचा नव्हता. मला स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं होतं आणि म्हणायचं होतं, "सर, एकोणतिसावं पान. तिथं तुमचं साफ चुकलंय." मग त्यांनी हातातलं सगळं बाजूला सारलं असतं, शेजारची खुर्ची ओढली असती, आणि लहान मुलाला जत्रेत हरवलेलं माणूस दिसावं तसं तोंड करून म्हणाले असते, "बसा बाई, बसा. सांगा."